घरचा स्विमिंग पूल आणि घरातली लहान मुलं



मागच्या महिन्यात एक तरुण जोडपं चार वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आलं. मुलाचा कान दुखत होता. कानाची पाळी जरा ओढली की तो कळवळायचा. आत पाहिलं तर कानाच्या नळीला सूज होती. "पोहायला जातो का हा?" मी विचारलं. आईचा चेहरा खुलला. "रोज! नवीन बंगल्यात स्विमिंग पूल बांधलाय ना आम्ही. घरचाच आहे, त्यामुळे दोन-दोन तास बाहेर निघत नाही."

मी थेंब लिहून दिले, कान बरा होईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही असं सांगितलं. मग वडिलांनी मोबाइलमधली प्रश्नांची यादीच उघडली. क्लोरीनने त्वचा खराब होते का? पाण्याचा वास येतो तो चांगला की वाईट? मुलाला फुगे बांधून सोडलं तर चालेल का? सगळं सांगून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला, "पूलला कुंपण केलंय का?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. "नाही डॉक्टर. एकटा सोडतच नाही आम्ही त्याला. घरात कोणी ना कोणी असतंच."

हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. सहा वर्षांपूर्वी मीच ते बोललो होतो.

तो फोन

माझे मोठे बंधू नाशिकजवळ राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराबाहेरच्या प्लॉटवर बंगला बांधला आणि नातवंडांसाठी हौसेने पूल करायला घेतला. पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद. एका टोकाला तीन फूट पाणी, दुसऱ्या टोकाला साडेपाच. काम चालू असताना एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. माझी ओपीडी भरलेली होती.

"अरे, कंत्राटदार म्हणतोय चारही बाजूंनी जाळी घालून फाटक लावतो. तुझी वहिनी म्हणते खुराड्यासारखं दिसेल. तू डॉक्टर आहेस, तुझं काय मत?"

"कशाला दादा?" मी म्हणालो. "एवढी माणसं असतात घरात. कोणी ना कोणी असतंच की."

अर्ध्या मिनिटात फोन संपला. मी पुढचा पेशंट आत बोलावला. जाळीचा विषयही तिथेच संपला.

चाळीस माणसं आणि एक डॉक्टर

पुढच्या मे महिन्यात दादांची एकसष्टी होती. चाळीसेक माणसं जमली होती. सकाळभर मुलं पाण्यात डुंबत होती आणि दोन काका काठावर बसून राखण करत होते. साडेबाराला सगळ्यांना बाहेर काढलं, अंग पुसून कोरडे कपडे घातले आणि पानं वाढायला घेतली. सगळे निर्धास्त झाले, कारण आता पाण्यात कोणीच नव्हतं.

मी आमरस-पुरीचं ताट घेऊन अंगणात खुर्चीवर बसलो होतो. पूल माझ्या पाठीमागे, फार तर बारा फुटांवर. पाण्यात एक लाल चेंडू तसाच राहिला होता.

माळीकाकांची बायको खरकटी ताटं उचलायला आली. तिला पाण्यात फ्रॉक तरंगताना दिसला. वाळत घातलेला कपडा उडून पडला असेल असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने ताटं टाकली आणि नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उडी घेतली. तिला पोहता येत नाही. नशिबाने तिथे पाणी तिच्या छातीपर्यंतच होतं. तिने मारलेली हाक हा त्या सगळ्या प्रसंगातला पहिला आवाज. त्याआधी माझ्या पाठीमागे काहीही वाजलं नव्हतं, निदान मला ऐकू आलं नव्हतं.

ती माझ्या पुतण्याची मुलगी होती. सव्वातीन वर्षांची. ओठ निळे, अंग सैल, श्वास बंद. नाडी लागत होती, पण मंद.

मी तिला फरशीवर उताणं ठेवलं, हनुवटी वर केली, तिच्या नाकातोंडावर तोंड ठेवून श्वास द्यायला लागलो. शेजारून कोणीतरी ओरडत होतं, "उलटी धरा तिला! पोट दाबा, पाणी बाहेर येऊ दे!" एकाने तर तिचे पाय धरलेही. मी त्यांना कोपराने ढकललं. चौथ्या श्वासानंतर ती खोकली. मग उलटी झाली, तिला कुशीवर वळवलं, आणि मग ती रडली. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कुठल्याही मुलाचं रडणं मला इतकं गोड वाटलेलं नाही.

दोन रात्री ती हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होती. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसत होते, ते निवळले. तिसऱ्या दिवशी तिने आमरस मागितला.

नंतर पुतण्याने मोबाइल तपासला. १ वाजून ४२ मिनिटांनी काढलेल्या एका फोटोत ती झोपाळ्याजवळ उभी दिसते. १ वाजून ४६ मिनिटांनी त्याने १०८ ला फोन लावला होता. ती झोपाळ्यापासून पाण्याकडे गेली, पडली, बाहेर काढली गेली, हे सगळं त्या चार मिनिटांत झालं.

बुडणारं मूल ओरडत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, "वाचवा" म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात तसं सहसा होत नाही. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने १९७० च्या दशकात बुडणाऱ्या माणसांचं चित्रण करून हे दाखवून दिलं. तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असतं. जेमतेम श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, तिथे ओरडणार कसं? हात आपोआप बाजूला पसरून पाणी दाबत राहतात, ते वर करून हलवता येत नाहीत. अशी धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते.

दोन-तीन वर्षांचं मूल तर तेवढीही धडपड करत नाही. त्याचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकलं की ते डोक्यावरच पडतं, आणि मान उचलून पुन्हा उभं राहण्याची ताकद आणि समज त्याच्याकडे नसते. पाणी घशात गेलं की स्वरयंत्र आवळतं, ऑक्सिजन घसरतो, एक-दोन मिनिटांत शुद्ध हरपते, मग हृदय मंदावतं आणि थांबतं. मेंदूला चार ते सहा मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही तर कायमची इजा व्हायला सुरुवात होते. आमच्या घरची चार मिनिटं यासाठी मी विसरू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यातली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. आपल्याकडे अशा घटना बहुतेक विहिरी, तळी, नद्या, हौद इथे घडतात. अमेरिकेसारख्या, घरोघरी पूल असलेल्या देशात १ ते ४ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बुडणं हेच आहे. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पूलमध्ये बुडालेल्या लहान मुलांच्या घटना तपासल्या, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. बहुतेक मुलं त्या वेळी पोहत नव्हती, ती घरात किंवा अंगणात आहेत असंच सगळ्यांना वाटत होतं. आणि बहुतेक मुलं नजरेआड होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

म्हणजे धोक्याची वेळ मुलं पोहत असतानाच असते असं नाही. पोहणं संपलं, टॉवेल वाळत पडले, मोठी माणसं जेवायला बसली, की खरी धोक्याची वेळ सुरू होते. त्या वेळी पाण्याकडे कोणाचं लक्ष नसतं, कारण लक्ष ठेवायचं कारणच उरलेलं नसतं. तेव्हा लक्ष ठेवणारी एकच गोष्ट असते, कुंपण.

कुंपण कसं असावं?

बंगल्याच्या आवाराची भिंत म्हणजे पूलचं कुंपण नव्हे. ती बाहेरच्या माणसाला अडवते, आणि बुडणारं मूल बहुतेक वेळा घरातूनच येतं. तीन बाजूंना जाळी आणि चौथ्या बाजूला घराचं दार, हेही पुरेसं नाही. संशोधनातून हे स्पष्ट झालं आहे की घर आणि पाणी यांना वेगळं करणारं चारही बाजूंचं कुंपण तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा कितीतरी जास्त मुलांना वाचवतं.

कंत्राटदाराला सांगायच्या गोष्टी अशा:

१. उंची निदान चार फूट. जास्त असली तर उत्तमच.
२. दोन उभ्या गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी. आडव्या पट्ट्या नकोत, मुलं त्यांची शिडी करतात.
३. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडल्यावर स्प्रिंगने आपोआप बंद होणारं आणि आपोआप कडी बसणारं. कडी मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर.
४. कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, पाण्याचा पंप, काहीही ठेवायचं नाही.
५. फाटकाला वीट लावून ते उघडं ठेवायचं नाही. "येतोय-जातोय, जरा राहू दे" या सवयीनेच चांगली कुंपणं निकामी होतात.

ऑस्ट्रेलियात घरच्या पूलला असं कुंपण कायद्याने बंधनकारक आहे. फ्रान्सने २००३ मध्ये कायदा करून खासगी पूलला कुंपण, सुरक्षा आच्छादन, बंदिस्त छत किंवा अलार्म यांपैकी निदान एक गोष्ट सक्तीची केली. आपल्याकडे बंगल्याची शोभा जाते म्हणून आपण कुंपण टाळतो. आज दादांच्या पूलभोवती काळ्या गजांचं कुंपण आहे आणि वहिनींनी त्याच्या बाहेर, गजांना न टेकणारी, सदाफुली लावली आहे. खुराड्यासारखं काही दिसत नाही.

"सगळे आहेत" म्हणजे कोणीच नाही

मुलं पाण्यात असताना कुंपणाचा उपयोग नाही, तिथे माणूसच लागतो. चाळीस माणसांत प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. दादांच्या घरी आता एक साधा नियम आहे. एक जुनी लाल टोपी आहे. ती ज्याच्या डोक्यावर, तो राखणदार. त्याने मोबाइल खिशात ठेवायचा, गप्पा मारायच्या नाहीत, दारू तर नाहीच. पंधरा-वीस मिनिटांनी टोपी पुढच्या माणसाच्या डोक्यावर ठेवायची आणि तोंडाने सांगायचं, "आता तू." पाच वर्षांखालचं मूल पाण्यात असेल तर एक मोठं माणूस पाण्यात, हात लांबवला की लागेल इतक्या अंतरावर हवंच.

दंडावरचे फुगे आणि हवेच्या ट्यूब ही खेळणी आहेत. त्या निसटतात, फुटतात, आणि मुलाला "मला पोहता येतं" असा खोटा विश्वास देतात. पोहणं संपलं की चेंडू, बदकं, सगळं बाहेर काढून नजरेआड ठेवा. तरंगणारा चेंडू मुलाला पाण्याकडे बोलावतो, हे मी पाहिलं आहे. निळ्या फरशीच्या पाण्यात निळा पोशाख दिसत नाही. पोशाख भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या.

पोहायला जरूर शिकवा. वर्षभराच्या पुढच्या मुलांना योग्य शिक्षण दिलं तर बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो. पण पोहता येणारं लहान मूलही बुडू शकतं. मी स्वतः गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो. आम्ही मुलं बिनधास्त उड्या मारायचो, पण काठावर काका दोर हातात धरून उभे असत. डबा लक्षात राहिला, काका मात्र आपण सोयीने विसरतो.

आणखी एक गोष्ट कंत्राटदाराला विचारा. पूलच्या तळाशी पाणी खेचणारी जाळी एकच आहे की दोन? पंपाचा एकच तोंडाचा ओढा मुलाला धरून ठेवू शकतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशीच एका हॉट टबच्या तळाशी अडकून गेली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे सुरक्षित झाकणांचा कायदा झाला. तळाची जाळी तुटलेली असेल तर दुरुस्ती होईपर्यंत कोणीही पाण्यात उतरायचं नाही. पाण्यातल्या दिव्यांच्या वायरिंगला शॉक लागताच वीज तोडणारा स्विच आहे ना, तेही बघा.

तरीही घडलंच तर

मूल दिसेनासं झालं की आधी पाण्यात बघा. कपाटामागे, गच्चीवर, शेजारी नंतर.

बाहेर काढल्यावर मूल शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर कोणालातरी १०८ ला फोन करायला सांगा आणि तुम्ही लगेच श्वास द्यायला लागा. बुडण्यात हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे, म्हणून श्वास आधी. हनुवटी वर करा, नाक दाबा, तोंडाने श्वास द्या, छाती वर येते का बघा. अगदी तान्ह्या बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. असे सुरुवातीचे दोन ते पाच श्वास. तरीही हालचाल नाही, श्वास नाही, तर छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाबा, मग २ श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा.

उलटं धरणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं हे सगळं बंद. फुप्फुसात गेलेलं पाणी असं निघत नाही. निघतं ते पोटातलं, आणि ते उलटीबरोबर पुन्हा श्वासनलिकेत जातं. वर श्वासाशिवाय मोलाची मिनिटं जातात. हे वाचून येत नाही, हाताने करून शिकावं लागतं. पूल बांधायला लाखो रुपये घातलेत, तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, सांभाळणाऱ्या मावशींनीही, एक दिवस सीपीआर शिकायला द्या.

शुद्ध हरपलेलं किंवा श्वास द्यावा लागलेलं मूल नंतर हसत-खेळत असलं तरी हॉस्पिटलमध्ये न्याच. पाण्यात गटांगळ्या खाल्ल्यावर खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, मूल गुंगीत असेल तर सकाळची वाट बघू नका.

पाण्याची स्वच्छता, थोडक्यात

क्लोरीन निदान १ पीपीएम आणि पीएच ७.० ते ७.८ यांमध्ये ठेवा. तपासायच्या पट्ट्या मिळतात. पूलला येणारा उग्र वास स्वच्छतेचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो तयार होतो, म्हणून उतरण्याआधी अंघोळ आणि शू करून यायचं. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतो. क्लोरीनची पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. दोन्ही कुलपात ठेवा. पोहून आल्यावर डोकं कलतं करून कानातलं पाणी निथळू द्या, कापसाच्या काड्या घालू नका. आणि पावसाळ्यात पूल वापरात नसेल तर तो डासांचा कारखाना होतो, त्याकडे लक्ष ठेवा.

तुमच्या घरी पूल नसेल तर

हा लेख श्रीमंतांसाठी आहे असं समजू नका. लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी इथे पूल असलेला बंगला दोन दिवसांसाठी घेणारी कितीतरी कुटुंबं माझ्या ओपीडीत आहेत. तिथे पोचल्यावर सामान उतरवायच्या गडबडीतली पहिली दहा मिनिटं फार धोक्याची असतात. आधी लाल टोपी कोणाकडे ते ठरवा, मग डिकी उघडा. घरची भरलेली बादली, उघडी जमिनीखालची टाकी, गोठ्याजवळचा हौद, प्लास्टिक अंथरलेलं निसरडं शेततळं, लहान मुलाच्या दृष्टीने हे सगळे बिनकुंपणाचे पूलच आहेत. बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, टाकीच्या झाकणाला कुलूप लावा, शेततळ्याला कुंपण घाला आणि काठाला बांधलेला दोर आत सोडून ठेवा.

शेवटी

त्या दिवसानंतर घरात कुजबुज सुरू झाली. "आईचं लक्ष कुठे होतं?" सूनबाई पंगतीत वाढत होती. आम्हीच तिला वाढायला लावलं होतं. तिने महिनोन्महिने स्वतःला दोष दिला, आणि आम्ही कोणी तिला ठामपणे "तुझी चूक नाही" असं म्हणालो नाही. मी तर मुळीच नाही, कारण तसं म्हटलं असतं तर चूक कोणाची हे सांगावं लागलं असतं.

वर्षभराने, कुंपण होऊन गेल्यावर, मी सगळ्यांसमोर तो फोन सांगितला. सूनबाई काही बोलली नाही, उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली. दादा म्हणाले, "मला आठवत होतं रे. तूच कधी बोलतोस याची वाट बघत होतो."

नात आता नऊ वर्षांची आहे, उत्तम पोहते. तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. आम्हाला आठवतं तेवढं पुरे आहे.

वाचकहो, तुमच्या घरी किंवा नात्यात कोणाकडे पूल असेल, तर आज एवढंच करा. फाटक उघडा, हात सोडा आणि ते आपोआप बंद होऊन कडी बसते का बघा. फाटकच नसेल, तर उद्या सकाळी कंत्राटदाराला फोन करा. आणि डॉक्टर भाऊ "कशाला?" म्हणाला, तर त्याचं ऐकू नका.